एका दमात सांगितलेलं

टाइप केलेल्या पानात जिथं जिथं पूर्णविराम होता, तिथं कागदाला बारीक भोक पडलं होतं. पान खिडकीकडं धरलं की ओळींच्या शेवटी टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत. गुरुपादप्पांची बोटं यंत्रावर जोरात पडत असणार. शिवकन्येनं श्वासावरच्या एका सूत्राखालचे ठिपके मोजले. मूळ संस्कृतात तीन-चार शब्दांत संपणारं सूत्र मराठीत सहा वाक्यं चाललं होतं. तिला पहिली शंका इथंच आली होती. त्याला आता वर्ष होत आलं.

बस लोह्याच्या पुढं आली होती. तिनं पानं पिशवीत सरकवली आणि डोळे मिटले. झोप लागली नाही. आठवडाभर नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं, प्रयोगवह्या तपासायच्या आणि रविवारी लातूरची बस धरायची, हे आता झेपत नव्हतं. त्याहून, तिथं जाऊन काही न बोलता परत यायचं झेपत नव्हतं.

लातुरात गुरुपादप्पांकडं रोज सकाळी पन्नासेक माणसं आसनं करायला येत. आसनांनंतर योगाचा तो जुना सूत्रग्रंथ अर्थासकट वाचायचा, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पुढं दोन अनुवाद होते. एक दुकानात मिळणारा. कोरडा, पण सूत्र वेगळं आणि टीप वेगळी ठेवणारा. दुसरा खुद्द अप्पांचा, अजून न छापलेला. कोणता घ्यायचा हे अप्पांनीच तिच्यावर सोडलं होतं. "शिवकन्या हो म्हणंल तर माझा छापा. तिनं संस्कृत लावून बघितलंय."

आई गेल्यावर तिची झोप पार उडाली होती, तेव्हा याच माणसानं महिनाभर रोज समोर बसवून तिला नीट श्वास घ्यायला शिकवलं होतं.

अप्पा हा ग्रंथ पुस्तकातून शिकलेच नव्हते. तरुणपणी सीमेपलीकडच्या एका मठात त्यांनी तो कानडीतून ऐकला. गुरू सूत्राचा अर्थ सांगत आणि न थांबता त्याच दमात आपलं विवरणही सांगत; शिष्यांनी सगळं उतरवून घ्यायचं. सूत्र कुठं संपलं आणि गुरूंचं बोलणं कुठं सुरू झालं, ही रेघ कागदावर आलीच नाही. पुढं अप्पांनी त्याचं मराठी केलं ते सगळं सूत्र समजूनच. दोन्ही वेगवेगळं करून छापू, असं तिनं फोनवर एकदा सुचवलं होतं. अप्पा हसले होते. "गुरूनं एका दमात सांगितलेलं मी दोन जागी कसं तोडू, पोरी?"

त्यानंतर ती दर वेळी 'बघते अजून' एवढंच म्हणत आली होती.

दार सिद्धम्मांनी, अप्पांच्या बायकोनं उघडलं. "ये गं. तोंड किती उतरलंय! जेवतीस का न्हाई त्या नांदेडात?"

आत अप्पा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. सकाळच्या वर्गाची सगळी व्यवस्था बघणारा हरिओम खुर्चीत होता. तिला बघून तो म्हणाला, "ताई, तुमचं उत्तर म्हंजे कोर्टाची तारीख झालीय बगा. आली की पुढं."

"लई बोलू नको. बसू दे तिला," अप्पा म्हणाले.

"बसू द्या की. मी कुठं थांबलोय? झेरॉक्स वाटून मोकळा झालो."

शिवकन्या अर्धवट बसली होती, तशीच थांबली. "कशाच्या झेरॉक्स?"

"अप्पांच्या पुस्तकाच्या. श्वासाचं प्रकरण तेवढं. लोक वाचून करून राहिलेत. फक्त काल आपल्या वर्गातल्या दीपमालावहिनी जरा चक्कर येऊन पडल्या."

"तिला बीपी आहे, हरिओम," शिवकन्या म्हणाली.

"हाव. गोळ्या चालू हायत की. पुस्तकात लिव्हलंय तसंच केलं त्यांनी. डोळ्यापुढं अंधारी येईस्तोवर श्वास धरला."

ते वाक्य तिला पाठ होतं. सहातलं पाचवं. मूळ सूत्रात त्यातलं काहीच नव्हतं.

"धीर सुटला असंल तिचा," अप्पा शांतपणे म्हणाले. "सूत्र चुकीचं सांगत न्हाई."

"ते सूत्र नाही, अप्पा."

"मंग काय हाय?"

"तुमच्या गुरूंचं बोलणं आहे. मठातल्या तरण्या पोरांना, स्वतः समोर बसून सांगितलेलं."

सिद्धम्मा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. हरिओमनं मान खाली घातली. अप्पांनी तिच्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता थकलेला होता, तिच्यासारखाच.

"म्हंजे साठ वर्षं मी..." ते थांबले. "बरं. तुझं काय म्हणणं हाय? आज बघते-बिघते नको. सांगून टाक."

तिच्या ओठांवर तेच आलं होतं. तिनं ते गिळलं.

"तुमचा अनुवाद छापू नका, अप्पा," ती म्हणाली. "वाचायला ते दुकानातलंच घ्या."