लिंबर्टने लावलेला पांढरा झेंडा

माझा जावई लिंबर्ट कोचाबांबा शहरात दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून भागत नाही म्हणून की काय, रविवारी आमच्या पुनाता गावच्या बायकांच्या चुलीत डोकावायचं खूळ त्याने घेतलं. कोण घरी चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, कशी करतं ते विचारायचं आणि स्वतः बनवलेल्या वेबसाइटवर चढवायचं. त्यातून मिळकत शून्य. माझी मुलगी म्हणते, "इतरांचे नवरे फुटबॉल बघतात, ते परवडले."

एका रविवारी तो माझ्यापुढे येऊन बसला.

"आई, तुमची सांगा ना."

"मी आता करत नाही."

"करू नका. नुसती सांगा."

माझा नवरा तेओदोसिओ गेला तेव्हापासून माझा रांजण पालथाच आहे. पण सांगायला काय जातं? मका भिजवायचा, मोड आणायचे, उन्हात वाळवून दळायचा, शिजवायचा आणि रांजणात आंबू द्यायचा. लिंबर्ट टकटक करत लिहीत होता.

"पण झाली हे कसं ओळखायचं?"

"मला काय ठाऊक? मी तेओदोसिओच्या हातात वाटी द्यायचे. तो चाखायचा आणि एक अक्षर न बोलता शिडी आणायला जायचा, दारावर झेंडा लावायला. तो शिडीकडे निघाला, की झाली."

लिंबर्ट हसला नाही हो. जसंच्या तसं लिहिलं: नवऱ्याला चाखायला द्यावी, तो शिडी आणायला गेला, की तयार. असल्या गोष्टींसाठीच मला हा जावई आवडतो. पण अक्कल मात्र शहरातली. आमच्याकडे दारावर पांढरा झेंडा म्हणजे आत चिचा विकायला तयार आहे. लिहून पूर्ण झालेल्या प्रत्येक कृतीपुढे त्याने शोभेचा पांढरा झेंडा काढला आणि खाली बाईचं नाव, गाव, गल्ली सगळं टाकलं.

पुढच्याच रविवारी दारात एक जोडपं उभं, हातात रिकामा कॅन.

"मावशी, कॅन भरून द्या."

"चिचा नाही."

"नाही कशी? झेंडा लागलाय की."

"कुठे लागलाय? वर बघ जरा."

वर न बघता त्याने फोनच माझ्या नाकासमोर धरला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांजण आटला की तेओदोसिओ जेवता जेवता उठून झेंडा उतरवायचा. रिकाम्या घरावर झेंडा म्हणजे दारी आलेल्या माणसाची थट्टा, असं म्हणायचा. त्या दोघांना सरबत देऊन वाटेला लावलं आणि लिंबर्टला फोन केला.

"तो झेंडा उपट. दात उपटतोस तसा, मुळासकट."

"चुकलंच आई. आत्ता काढतो."

काढलासुद्धा. संध्याकाळी मुलीने दाखवलं. सगळ्या बायकांच्या नावापुढे झेंडे, माझंच नाव बोडकं. जिची चिचा चूळ भरायच्याही लायकीची नाही, त्या निकानोराचासुद्धा झेंडा फडकतोय. तेओदोसिओच्या मातीनंतर झेंड्याचं कापड घडी घालून ठेवलं होतं, त्या दिवसासारखंच रडू आलं. मग राग आला. मग उठून मका भिजत घातला.

हात काही विसरले नव्हते. रांजण खदखदला, शांत झाला, वासही ओळखीचा आला. पण वाटी भरली आणि मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मी चिचेची चव कुठे बघत होते? मी त्याच्या पायांकडे बघायचे. खरं सांगते, मला भीती वाटली. ही चिचा त्याचीच असेल, माझी कधी नसेलच, तर?

एवढ्यात लिंबर्ट मुलीबरोबर आला. याला बाटलीतली बीअर तेवढी कळते. तरी वाटी त्याच्याच हातात दिली.

"बघ कशी झालीय. आणि गोड बोलायचं नाही, सांगून ठेवते."

त्याने आधी धरतीमातेसाठी चार थेंब जमिनीवर सांडले. मग एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि उरलेली वाटी एका दमात संपवली. चेहऱ्यावर काही दिसेना. दातांच्या डॉक्टरांना ती सवयच असते.

"अहो, आईला सांगा ना काहीतरी," मुलगी म्हणाली.

त्याने वाटी माझ्या हातात दिली, मिशी पुसली आणि शिडी आणायला मागच्या अंगणात गेला.