पाचव्या खिडकीतला चेहरा

गल्लीत त्यांना सारे डागपुसे म्हणत. चाळीस वर्षे एका फोटो स्टुडिओत बसून त्यांनी लोकांच्या गालांवरचे व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसली होती, आणि आपल्या हातोटीचा त्यांना सार्थ अभिमान होता. थोरला भाऊ वारल्यावर त्याची पत्र्याची पेटी त्यांच्याकडे आली. दादा विमानतळावर शिड्या ढकलीत असे आणि सवड मिळताच विमानांचे फोटो काढीत असे. पात्यांची चार इंजिने असलेली, चांदीसारखी लखलखणारी ती जुनी प्रवासी विमाने! पेटीतल्या रंगीत स्लाइडना मात्र बुरशीने ग्रासले होते. रोज एक स्लाइड स्कॅन करावी, संगणकावर डाग पुसावेत आणि जुन्या विमानांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकावी, असा डागपुशांचा नेम पडला.

एका स्लाइडच्या चौकटीवर दादाने तारीख लिहिली होती. साफ केलेल्या फोटोखाली डागपुशांनी ती टाकताच ग्रुपवरच्या जाणकारांनी तत्काळ ओळखली. त्याच दुपारी हे विमान डोंगरावर आदळले होते आणि कोणीही वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचा निरोप आला. "भाऊ, माझी आई त्यात होती. मी तीन वर्षांची होते. डावीकडची पाचवी खिडकी तिची, असं मावशी सांगते. तुमच्या फोटोत सगळ्या खिडक्या काळ्या कशा? मोठं करून बघाल?" सोबत आईचा जुना फोटोही होता.

डागपुशांनी आधीचा, न पुसलेला स्कॅन उघडला. खिडक्या मुळात काळ्या नव्हत्याच. त्यांत पांढुरके ठिपके होते आणि बुरशी समजून त्यांनीच ते सफाईने पुसले होते. त्यांनी स्लाइड पुन्हा भिंगाखाली धरली. पाचव्या खिडकीत मोहरीहूनही बारीक ठिपका होता. चेहरा म्हणावा तर बुरशी, बुरशी म्हणावी तर चेहरा.

"अहो, असे का बसलात भूत पाहिल्यासारखे?" पत्नीने विचारले.

सारे ऐकून ती म्हणाली, "मग सांगून टाका, चुकून पुसलं म्हणून."

"चाळीस वर्षांचं नाव आहे माझं."

"नावाचं काय लोणचं घालायचंय?"

त्यांनी सांगितले नाही. बाईंनी पाठवलेला फोटो शेजारी उघडून त्यांनी संगणकावर अत्यंत बारीक ब्रशाने कपाळ काढले, हनुवटीची सावली काढली, केसांची एक बट सोडली आणि लिहिले, 'नीट साफ केल्यावर हे दिसले.'

उत्तर आले, "तीच आहे. माझ्याकडेच बघतेय."

बाईंनी तो चेहरा ग्रुपवर टाकला आणि तेथून डागपुशांचे धाबे दणाणले. आठवड्याभरात आणखी चौघांचे निरोप आले. कोणाचे वडील सातव्या खिडकीत होते, कोणाचा अकरा वर्षांचा भाऊ शेपटीकडे. मृतांचे फोटो त्यांच्या फोनवर येऊन बसू लागले. फोन वाजला की ते तो पालथा घालून ठेवीत. पाचव्या खिडकीतला चेहरा त्यांनी किंचित तिरपा काढला होता. आता चित्र उघडावे तर तो समोर पाहत आहे, असा भास होई. आपण काढलेल्या चेहऱ्याचे भय वाटावे, ही गोष्ट त्यांना कोणापाशी बोलण्यासारखीही राहिली नाही.

आणि मग बाईंनी कळवले, "शनिवारी दुपारी मावशीला घेऊन येते. मूळ स्लाइड एकदा डोळ्यांनी बघायचीय."

"आता काय, स्लाइडवरही चितारणार?" पत्नी थट्टेने म्हणाली.

ती थट्टा त्यांच्या मनातलीच होती. शनिवारी त्यांनी रंगाची बाटली उघडली, दोन केसांचा ब्रश बुडवला आणि श्वास रोखून तो स्लाइडवर आणला. पण तो टेकवायला मन धजेना; टोक इंजिनावरून पंखावर आणि पंखावरून आकाशात भटकू लागले. तेवढ्यात घंटा वाजली. पत्नीने दार उघडले. ब्रश ठेवायला अवधी मिळालाच नाही.

बाईंनी ब्रशाकडे पाहिले. "भाऊ, हे काय?"

डागपुशांनी ब्रश खाली ठेवला. "ताई, तो चेहरा मी काढला," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही दिलेल्या फोटोवरून. खिडकीतलं जे होतं, ते मी आधीच पुसून बसलो होतो."

"खोटं. त्या फोटोत बट नाहीये. बट पाहूनच मी ओळखलं तिला."

"स्टुडिओत कपाळ मोठं दिसलं की आम्ही बट सोडायचो. सगळ्याच बायकांना. हाताला सवय लागलीय."

काठी टेकून उभी असलेली मावशी म्हणाली, "तिला बट नव्हतीच गं पोरी. तेल लावून चापूनचोपून बसवायची. मी सांगत होते, तू ऐकशील तर ना!"

डागपुसे शिव्यांची वाट पाहत उभे होते. शिव्या आल्या असत्या तर बरे, असे त्यांना वाटले.

"स्लाइडला लावलात हात?"

"नाही. लावणार होतो."

बाईंनी खुर्ची ओढली आणि भिंगाला डोळा लावला. "हा ठिपका... ही ती आहे?"

"मला माहीत नाही, ताई. आहे ते एवढंच."

त्या हलल्या नाहीत. "बाकीच्यांनाही चेहरे दिलेत?"

"अजून नाही."

"देऊ नका," बाई डोळा न उचलता म्हणाल्या. "आज, मी इथे बसलेय तोवर लिहा सगळ्यांना. माझ्या आईच्या चेहऱ्याचंही लिहा."

डागपुशांनी फोन उघडला. बाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी भिंग धरून ठेवले.

"ये मावशी. चष्मा काढून बघ."