बंद कारखान्यांचे तास

पाच वर्षांपूर्वी शहरात ६१२ कारखाने होते. त्यांतले आज ५४७ चालू होते. नवा एकही निघाला नव्हता. कामाच्या एका तासामागे किती माल निघतो, हे तिनं त्या ५४७ कारखान्यांवरून मोजलं. वार्षिक वाढ आली दोन पूर्णांक चार टक्के.

"अडीचच्या आत," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "म्हणजे शहर मागे पडलेल्यांच्याच गटात. प्रशिक्षण केंद्राचं अनुदान चालू राहील. उद्या अहवाल पाठवून दे."

तिच्या जिवात जीव आला. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यापासून तिचे बाबा त्याच केंद्रात शिकत होते.

घरी बाबा पुठ्ठ्यावर यंत्राची बटणं रेखाटून सराव करत बसले होते.

"बाबा, जेवायला चला."

"थांब गं, मशीन चालू आहे."

"चालू दे," आई आतून म्हणाली. "विजेचं बिल तर येत नाही त्याचं."

"वर्गातली पोरं मला आजोबा म्हणतात," बाबा म्हणाले.

"आणि चाचणीत पहिलं कोण आलं?"

"आजोबाच." बाबांनी पुठ्ठ्यावरचं लाल बटण दाबलं आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी तक्ते जोडताना ती थबकली. ६५ कारखान्यांपुढे आजचा आकडा नव्हता, म्हणून तिनं ते पाच वर्षांपूर्वीच्या हिशेबातूनही काढून टाकले होते. बाटल्यांचा कारखाना त्यांतच होता. दुसरीकडे दहा जण करत तेवढ्या कामाला तिथं चाळीस माणसं लागत. असे कारखाने धरले की सुरुवातीची सरासरी खाली येणार होती. वर्गातली कच्ची मुलं शाळा सोडून गेली की वर्गाची सरासरी वाढते, तसंच हे. आकडेमोड करण्याआधीच वाढ कुठं जाणार ते तिला कळलं.

तिनं मॅडमना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "तुझे वडील त्या केंद्रात जातात ना?"

"हो."

"हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. अजूनही येणार नाही. मी काही ऐकलं नाही, असं समज."



"चूक माझी आहे, मॅडम. दुरुस्त करून आणते."

जागेवर येऊन तिनं ६५ कारखान्यांचा माल आणि कामाचे तास पहिल्या वर्षात परत घातले. दोनदा पडताळलं. मग अहवालातला आकडा बदलला.

वार्षिक वाढ: दोन पूर्णांक नऊ टक्के.