झोपून किती?

लोकेशनं टेपचं एक टोक चैतूच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो नावेच्या नाकापर्यंत चालत गेला. एकोणीस फूट. त्यानं वहीत लिहिलं. नाव मोजण्याची ही तिसरी वेळ होती आणि तिन्ही वेळा ती एकोणीसच भरली, तरी लोकेशच्या चेहऱ्यावर समाधान दरवेळी नवं होतं.

चंद्रपूरकडच्या या तलावावर कुणीतरी हौसेनं दोन शिडाच्या नावा आणल्या होत्या. पर्यटक आले, फोटो काढून गेले. वारा मात्र आला नाही. या जंगलात शिरताना वारा चपला बाहेर काढून, दबक्या पावलानंच येतो. त्याच्यानं शीड काय भरणार? हौस फिटली, नावा काठावर चढल्या आणि विकायला निघाल्या. तिकडे भामरागडकडच्या एका गावात ग्रामसभेनं ठराव केला, की पावसाळ्याआधी नाव घ्यायची. निवड करायला सचिव लोकेश आणि आयुष्यभर डोंगा चालवलेला चैतू, असे दोघं जातील. चैतूच्या बायकोचं, मंगलीचं, नाव ठरावात नव्हतं. दोघं निघाले तेव्हा ती जीपमध्ये आधीच बसलेली होती.

वहीत दोन रकाने होते. पहिली नाव लांब, पांढरी, अंगानं शेलाटी. तिच्यावर निळ्या अक्षरांत 'राजहंस' लिहिलेलं. दुसरी दोन फूट आखूड, पोटाशी पसरट, रंग उडालेली. तिच्यावरही कधीकाळी काहीतरी लिहिलेलं असावं, पण सगळे तिला बदकच म्हणत. लांबी, वजन, डोलकाठी, वळण. एकेका ओळीत राजहंस पुढं चालला होता. लोकेश मधूनमधून जाऊन त्याच्या नाकावरून हात फिरवून येई. चैतूनं मडकं वाजवावं तसं दोन्ही नावांचं पोट वाजवून पाहिलं आणि दोन्ही बऱ्या आहेत म्हणाला. एवढ्यानं वहीचं काही भागेना.

शेवटी तलावाच्या रखवालदारानं, देवानंदनं, मदत केली.

"हे पाहा भाऊ, हंसात दहा लोकं आरामात बसते. त्या दुसरीत आठ. नववा बसला का भांडण."

लोकेशनं 'आसनक्षमता' असा शब्द घालून दोन्ही आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

मंगली इतका वेळ तलावाच्या पाळीवरच्या दगडावर बसून होती.

"झोपून किती?" तिनं विचारलं.

देवानंदला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं.

"बाई, नावेत झोपाले कोण येते?"

मंगलीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि ती राजहंसात उतरली. आत बसायच्या चार आडव्या फळ्या होत्या. दोन फळ्यांच्या मधे ती आडवी व्हायला गेली तर गुडघे अडले. कुशीवर वळली तर फळी बरगडीत आली. उठून तिनं फळीवर मूठ आपटली.

"हे निंगते का?"

"नाई बाई. फळ्या काढल्या तं नाव उमलून जाईन."

मग ती बदकात गेली. तिथं फळ्या दोनच, एक पुढं, एक मागं. मधला तळ मोकळा. मंगली मधोमध पाठ टेकून पडली, दोन्ही हात पोटावर ठेवले. थोड्या वेळानं एक हात डोक्यामागं नेऊन तिनं वीतभर जागा मोजली.

चैतूनं ते पाहिलं आणि तलावाकडे तोंड फिरवलं. त्यांची सून पुनम मंगलीहून वीतभर उंच होती. दाराची चौकट तिला रोज त्याची आठवण करून द्यायची. पुनमला सातवा महिना होता. दिवस श्रावणात भरायचे, म्हणजे नाल्याची नदी झालेली असते आणि दवाखान्याचा रस्ता त्या नदीच्या तळाशी. दोन पावसाळ्यांपूर्वी असंच तिला चैतूच्या डोंग्यातून नेलं होतं. डोंगा म्हणजे कोरलेलं खोड. त्यात बसता येतं, तेही ताठ. दोघीजणी तिला धरून बसल्या होत्या. चार दिवसांनी ती रिकाम्या हातांनी परत आली. त्यानंतर चैतूनं डोंगा पाण्यात घातला नव्हता.

"बाजूले मले बसता येते," मंगली पडल्यापडल्या म्हणाली. "इथी. तिचं डोकं धरून."

लोकेशनं टोपण पुन्हा काढलं. वहीत यासाठी रकाना नव्हता. रेघेखाली त्यानं लिहिलं, 'झोपून: राजहंस शून्य, बदक एक.' थोडा विचार करून पुढं जोडलं, 'अधिक काकी.' मग वही मिटून खिशात घातली. राजहंसाकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

शीड उतरवून ठेवू का, असं देवानंदनं विचारलं. चैतू राहू द्या म्हणाला.

श्रावणात नाल्यानं ठरल्याप्रमाणे रस्ता गिळला. पुनमला नेलं ते बदकातून, आडवं, वर शीड छपरासारखं ताणून. पाचव्या दिवशी दुपारी नाव परत येताना दिसली तेव्हा अर्धं गाव काठावर होतं, लोकेश दोर घेऊन सगळ्यांच्या पुढं.

पुढच्या फळीवर पुनम बसली होती, एकदम ताठ. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी हात हलवत होतं. मागं चैतू वल्हं मारत होता. मधे कुणीच दिसेना.

"काकी कुठी आहे?" लोकेशनं विचारलं.

चैतूनं ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीनं शिडाखाली दाखवलं. मंगली तळावर लांब पसरली होती, तोंड उघडं, पाय ऐसपैस. पाच दिवसांची झोप एकदम वसूल करत होती, आणि आवाज काठापर्यंत येत होता.

नाव टेकली. लोकेशनं दोर हळूच खुंट्याला गुंडाळला. चैतूनं वल्हं आडवं ठेवलं. पाऊस भुरभुरत होता, तरी पुनम उतरली नाही. आणि काठावरचंही कुणी हललं नाही.