सव्वाअकराचा पंच

भागोजी शिवलकरच्या सायकल दुकानाच्या उजव्या हाताला पोलीस चौकी होती आणि डाव्या हाताला कोर्ट. एवढीच काय ती त्याची चूक.

कुठलीही झडती म्हटली की पोलिसांना दोन पंच लागतात. प्रतिष्ठित असावेत आणि मुख्य म्हणजे जवळचे असावेत. प्रतिष्ठित माणसं चौकीच्या जवळ राहत नाहीत. म्हणून हवालदार काशीराम दारातून हाक मारायचा, "भागोजी, ये रे जरा," आणि भागोजी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडून, पाटलोणीला हात पुसत सही करायला जायचा. ट्यूब कुठे गळतेय ते तो परत आल्यावर कळायचं.

अकरा वर्षांत त्याने एकशेबारा पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या. त्यातले दोन त्याने डोळ्यांनी पाहिले होते, आणि दोन्ही त्याच्याच दुकानातले. एकदा कुणीतरी चोरीची सायकल त्याच्याकडे पंक्चर काढायला टाकली होती. दुसऱ्यांदा त्याचा स्वतःचा हवेचा पंप चोरीला गेला. "जागेची नीट खात्री करून घे," काशीराम म्हणाला होता, आणि भागोजीने स्वतःच्या दुकानाची खात्री करून घेतली होती.

यात त्याला गैर काही वाटत नसे. शेजारी साखर मागतात, पोलीस सही मागतात. शिवाय साक्षीला त्याला आजवर एकदाच बोलावलं होतं, त्या चोरीच्या सायकलच्या खटल्यात. बाकीचे खटले रांगेत होते, आणि रांग हवा गेलेल्या सायकलच्या वेगाने चालली होती.

शहाऐंशीच्या जानेवारीत, एका गुरुवारी, काशीराम हाक न मारता स्वतःच दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"भागोजी, गेल्या वर्षी चौदा मार्चला सव्वाअकरा वाजता तू पालीला होतास."

"असेन."

"मांडवीलाही होतास."

"किती वाजता?"

"सव्वाअकरा."

भागोजीच्या हातातलं चाक फिरायचं थांबलं. मांडवी रत्नागिरी शहरातच होती, पाली कोल्हापूर रस्त्याला वीस किलोमीटरवर. "मग मी पालीहून मांडवीला आलो कधी?"

"आलाच नाहीस. दोन्हीकडे साडेबारापर्यंत होतास. पालीला कुणा रामाच्या घरी चोरीचा हंडा सापडला, आणि मांडवीला हातभट्टीचा कॅन."

"काशीरामभाऊ, दोन्हीकडे एकच वेळ कशाला घातलीत?"

"सव्वाअकरा ही चांगली वेळ असते रे. उजेड असतो, माणसं घरी असतात." काशीरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आजवर कुणी बघितलं नाही. पण चिपळूणहून नवी मॅजिस्ट्रेट बाई आलीय. ती वाचते."

"काय वाचते?"

"कागद."

"कुठले?"

"सगळे."

भागोजीने हातातलं चाक भिंतीला टेकवून ठेवलं.

"त्यात तो चारुदत्त वकील," काशीराम म्हणाला. "गरिबांना सरकारतर्फे फुकट वकील देतात ना हल्ली, त्यातला. पालीचा खटला त्याच्याकडे, मांडवीचाही त्याच्याकडेच. दोन्ही कागद एका पिशवीत घेऊन फिरतोय."

"मग मला काय होईल?"

"खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत देतात. पण तू घाबरू नकोस. सोमवारी पालीचा खटला आहे, तेव्हा पालीलाच होतो म्हणून ठाम सांगायचं. मांडवीचं मांडवीच्या वेळी बघू."

सात वर्षं हा आकडा भागोजीने घरी जाऊन बायकोला, दमयंतीला सांगितला. ती भात वेळून पेज काढत होती.

"म्हणजे इथल्याच जेलात ना?" ती म्हणाली. "मग डबा पाठवता येईल."

"मला धीर देतेयस काय गो?"

"तुम्हाला नाही, मला देतेय. आणि खरं सांगितलंत तर काय होईल?"

"ते काशीरामभाऊ बोलले नाहीत."

"त्यांना ठाऊक नसेल. कधी करून बघितलं नसेल."

सोमवारी कोर्टाच्या पडवीत भागोजी इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. त्याच्या हाताला घाम येत होता आणि तो सारखा पाटलोणीला पुसत होता, त्यामुळे पाटलोणीची इस्त्री केव्हाच गेली होती. समोरून दोन शिपाई एका काटकुळ्या माणसाला घेऊन आले आणि बाकावर बसवून विडी ओढायला गेले. तो रामा. पालीजवळच्या आंब्याच्या बागेत राखणीला होता. हंडा चोरल्याच्या आरोपाखाली दहा महिने आत होता, कारण जामीन राहायला त्याला कुणी मिळालं नव्हतं. त्याच्या ओळखीची सगळी माणसं मुंबईला गिरणीत होती, नाहीतर त्याच्यासारखीच होती.

रामाने भागोजीकडे निरखून पाहिलं. "तुम्ही भागोजीशेठ काय?"

"हो."

"माफी करा हां. तुम्ही माझ्या घरी आलात, पण मला तुमचं तोंडच आठवत नाय. वकिलांनी कागद वाचला तेव्हा कळलं. सव्वा तास बसला होतात म्हणे." तो खरोखरच ओशाळला होता. "आयेने चहा तरी दिलान काय?"

या प्रश्नाची तयारी काशीरामने करून घेतली नव्हती.

"दिला," भागोजी म्हणाला.

"मग बरं झालं. कोराच दिलान असेल. दूध नव्हतं तेव्हा घरात."

एकशेबारा सह्यांत भागोजीला पहिल्यांदाच असं वाटलं, की आपण कुणाच्या तरी घरी जायला हवं होतं.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभं राहून त्याने शपथ घेतली. समोर टेबलावर गोणपाटात शिवलेला, लाखेचं सील मारलेला हंडा होता. वर चष्मा लावलेल्या मॅजिस्ट्रेट बाई कागद वाचत होत्या. काशीराम दाराशी उभा राहून मान हलवत होता, म्हणजे बोल. सरकारी वकिलांनी विचारलं, ही सही तुमचीच का? हो, माझीच. एवढं उत्तर खरं होतं आणि ते लवकर संपलं.

मग चारुदत्त उठला. कोवळा पोरगा, कोट बहुधा काकाचा. त्याने पिशवीतून दोन कागद काढले.

"चौदा मार्चला सव्वाअकरा ते साडेबारा तुम्ही पालीत होता. त्याच वेळी मांडवीतही होता. आपल्या दुकानात सायकली भाड्याने मिळतात ना? ती कुठली सायकल, मलाही हवीय."

कोर्टात कुणी हसलं नाही, कारण बाई हसल्या नव्हत्या.

भागोजीने आधाराला कठडा धरला. उजव्या अंगठ्याखाली काहीतरी गार लागलं. त्याने चाचपून पाहिलं. सहाकोनी नट. लाकडाच्या कठड्याला असला नट नसतो. हा सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाचा नट होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता. कधी बसवला तेही आठवलं. शिमग्याच्या पुढच्याच आठवड्यात.

"बाई," तो म्हणाला, "मी पालीत नव्हतो."

काशीरामने डोळे मिटले.

"मांडवीत होता?" बाईंनी विचारलं.

"तिथंही नव्हतो."

"मग होता कुठे?"

"इथं."

"इथं म्हणजे रत्नागिरीत?"

"इथं म्हणजे इथं. या पिंजऱ्यात. त्या चोरीच्या सायकलची साक्ष होती माझी. कठडा हलत होता, बोलताना मला धड उभं राहवेना. खिशात पाना होता, नट होता. बसवून टाकला. हा बघा, अजून आहे."

बाईंनी त्या दिवसाचा रोजनामा मागवला. कारकून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ फक्त त्याचं शिंकणं ऐकू येत राहिलं. प्रत्येक शिंकेला भागोजी एकेक वर्ष मोजत होता. सहाव्या शिंकेनंतर कारकून वही घेऊन बाहेर आला, आणि भागोजीने सातव्या शिंकेची वाट न पाहता श्वास सोडला.

कारकुनाने वाचलं, "साक्षीदार भागोजी शिवलकर यांनी सव्वाअकरा वाजता शपथ घेतली. पिंजरा हलत असल्याने साक्षीदाराने स्वतःच्या पान्याने तो दुरुस्त केला. सबब कामकाज दहा मिनिटे थांबले. साक्ष साडेबारा वाजता संपली."

बाई उठून खाली आल्या. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही.

"त्या दिवशी शपथेवर खरं बोलला होता?"

"हो बाई. ती सायकल खरंच माझ्या दुकानात सापडली होती. शपथेवर दोनदाच बोललो आणि दोन्ही वेळा खरं बोललो. बाकी बाहेर फक्त सह्या केल्या. ते चुकलं."

मग बाईंनी हंड्याचं सील तोडायला सांगितलं. दहा महिने तो शिवलेला होता, त्यामुळे कुणी पाहिला नव्हता. तक्रारदार बागायतदाराने तो आपलाच म्हणून ओळखला होता, पण गोणपाटाच्या बाहेरून. पंचनाम्यात लिहिलं होतं, "हंड्यावर नाव नाही." कारकुनाने हंडा उजेडात फिरवला. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, सोनूबाई.

"सोनूबाई कोण?" बाईंनी विचारलं.

"माझी आय," रामा म्हणाला. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण ते म्हणाले, पंचनाम्यात तसं नाय."

दुपारी निकाल लागला. रामा सुटला. पोलीस अधीक्षकांना चौकशीसाठी पत्र गेलं. काशीरामने टोपी डोक्यावर चढवली आणि ती बराच वेळ सरळ करत राहिला. बाईंनी भागोजीला समोर उभं केलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"खरं सांगितलंत म्हणून आज घरी जाताय. बाकीच्या खटल्यांतही जे खरं तेच सांगायचं."

"सोपं आहे बाई. सगळ्यांत एकच उत्तर आहे."

"आणि यापुढे तुमची सही कुठल्याही पंचनाम्यावर मला दिसता कामा नये."

"हे लेखी मिळेल काय बाई?"

बाई बहुधा तेव्हा हसल्या. कारकून म्हणतो की हसल्या, पण ते रोजनाम्यात नाही.

हुकमाची नक्कल मिळाली. भागोजीने ती चौकटीत घालून दुकानात, "उधार मागू नये" या पाटीच्या वर टांगली. आठवडाभरात काशीरामच्या जागी आलेल्या नव्या हवालदाराने दारातून हाक मारली, तेव्हा भागोजीने फक्त भिंतीकडे बोट दाखवलं आणि ट्यूब घमेल्यात बुडवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो बुडबुडे शेवटपर्यंत बघत बसला. भोक टाचणीएवढं होतं. त्याला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी तो सायकल काढून पालीला निघाला. हातखंब्याच्या चढावर उतरून चालावं लागलं, पुढे चेन पडली, ती बसवली. रामाचं घर विचारत विचारत सापडलं. पंचनाम्यात तीन खोल्या लिहिल्या होत्या, प्रत्यक्षात एकच होती. दारात तो हंडा पालथा घालून वाळत ठेवला होता. रामा बाहेर येऊन बघतच राहिला, मग आत वळून ओरडला, "आये, ते आले गो."

सोनूबाईने चहा आणला. दूध घातलेला.

भागोजीने कप हातात घेतला आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.