खळग्यातली खूण

गुडघे टेकून तिनं तळहात गवतावरून उलटा फिरवला, मांजराच्या पाठीवरून केसांच्या विरुद्ध फिरवावा तसा. मग सुलटा. नवव्या हिरवळीच्या डाव्या अंगाचा हा खळगा जेमतेम जाजमाएवढा. उतारावरून घरंगळलेला गोल्फचा प्रत्येक चेंडू शेवटी इथंच येऊन बसायचा, आणि तो बाहेर काढताना जो तो आपली निशाणी ठेवून जायचा. आज निशाणी नव्हती. माती कुठं उघडी नाही, गवताची ढलपी कुठं उडालेली नाही. पाती तेवढी एका बाजूला झुकलेली, कुणी हलक्या हातानं विंचरल्यासारखी.

"काय म्हणतंय गवत?" वरून चिटणीसांनी विचारलं.

"काही म्हणत नाही."

"मी तेच म्हणतोय."

क्लबचे चिटणीस विमा कंपनीत दावे तपासून निवृत्त झाले होते. घर जळालं म्हणून रडत आलेल्या माणसाचे ते आधी खिसे बघत, काडेपेटी आहे का म्हणून. निवृत्तीनंतर खिसे बदलले, नजर तीच राहिली.

"तीन महिने झाले, बाई. दर स्पर्धेत मास्तरांचा चेंडू ह्या खळग्यात जातो. आम्ही हिरवळीवर उभे, आम्हाला दिसते फक्त त्यांची टोपी. मग चेंडू वर येतो आणि झेंड्यापाशी जाऊन शहाण्यासारखा बसतो. इथून वेजनं मारलं तर माती उडणार की नाही?"

"उडते. सगळ्यांची उडते." वेजचं तिरपं, जड तोंड चेंडूखालच्या मातीत शिरतंच.

"मग ह्यांची का नाही?"

तिनं पुन्हा एकदा बोटांनी पाती चाळली. एकोणीस वर्षं ती हे मैदान राखत होती. सगळे तिला हिरवळबाईच म्हणत. कुणाची खाच कोणती हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. चिटणीसांची आखूड आणि रागीट. दातांच्या डॉक्टरीणबाईंची लांबच लांब, बटाटा सोलल्यासारखी. संशय घेणं हा तिच्या कामाचाच भाग होता: बुरशीचा, मुंग्यांचा, दवात उमटलेल्या पावलांचा. डब्यातलं बिस्किट कमी झालं तरी ही आधी फरशी बघते, असं नवरा चारचौघांत सांगायचा.

"हातानं उचलून फेकला, तर पाती अशीच झुकतील?"

खरं ते सांगायची तिला खोड होती. "झुकतील."

चिटणीसांनी मान हलवली. "शनिवारी मी त्यांच्याबरोबर खेळतोय. ते ह्या खळग्यातून निघाले की मी स्वतः खाली उतरणार. पुन्हा खूण नसली तर विषय समितीपुढे. क्लबात शिकवणारा माणूसच असं करायला लागला तर त्याला ठेवून कसं चालेल?"

सरावाच्या मैदानामागे मास्तरांच्या दोन खोल्या होत्या. सव्वीस वर्षांपासून. त्या सोडून माणूस कुठं जाईल हे चिटणीसांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. घरी जाताना मात्र आपला तो एक शब्द तिला चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

बुधवारी पाण्याच्या नळीचं तोंड बदलायचं निमित्त काढून ती मास्तरांच्या वर्गाजवळ जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी नवी काठी आणली होती. आखूड दांड्याची, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या पटरसारखी, फक्त तोंड जरा वर उचललेलं.

"हिला चिपर म्हणतात, मास्तर. हिरवळीच्या काठावर ज्यांचे हाल होतात, त्यांच्यासाठीच केलीय म्हणे. झाडू मारल्यासारखी खांद्यातून हलवायची. मनगटाला कामच नाही."

"आणि डोक्याला?"

वर्ग हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण हटल्या नाहीत. "परवापासून माझा एकही चेंडू फसलेला नाही."

"कुबडी घेतल्यावर कोण पडतंय, डॉक्टरीणबाई? पण मग कुबडी चालते, माणूस नाही. मध्ये वाळूचा खड्डा आला, चेंडू उंच उडवून जागेवर थांबवायचा झाला, तर ही काय करणार? तिला एकच चाल येते. वेज शिका. मनगटाला शिकवा."

"मग एकदा मारून दाखवा ना."

"मी दाखवलं की तुम्ही माझं बघत बसता. तुम्ही मारा, मी बघतो."

मास्तरांचे दोन्ही हात पाठीमागे होते. नळी आवळता आवळता ती थांबली. पूर्वी हाच माणूस बादली ठेवायचा आणि वीस पावलांवरून बोलत बोलत चेंडू तिच्यात टाकायचा. एकदा तिच्याही हातात काठी देऊ लागला होता. "मी गवत वाढवायला येते, उपटायला नाही," असं म्हणून तिनं ती परत केली होती. त्यांना शेवटचं मारताना कधी पाहिलं? मधली दोन वर्षं कंबरेचं कारण सांगून ते स्पर्धेतही नव्हते. कंबर दुखणारा माणूस नळाखालून भरलेली बादली एका हातानं उचलतो, हे तिनं तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी पाणी द्यायला मैदान बंद असे. नवव्या हिरवळीजवळच्या पंपाच्या खोलीत ती फळीच्या फटीला डोळा लावून बसली. मास्तर आले. चोरसुद्धा सराव करतो तर, असं तिच्या मनात आलं.

त्यांनी खळग्यात चेंडू टाकला आणि वेज घेतली. उभे राहिले ते उत्तमच, पुस्तकात छापावं तसे. काठी मागे गेली, खाली आली, आणि चेंडूपाशी येता येता मनगट झोपेत दचकल्यासारखं उडालं. चेंडू वीतभर सरकला. दुसरा हिरवळ ओलांडून पार झुडपात गेला. तिसऱ्याला ते नुसतेच उभे राहिले, इतका वेळ की फटीवरचा तिचा डोळा पाणावला. धुळीनंच असेल.

मग त्यांनी चौफेर पाहिलं. बॅगेच्या तळातून एक काठी निघाली, तिच्या डोक्यावर राखाडी लोकरीचा मोजा. मोजा काढून, घडी करून त्यांनी खिशात ठेवला. खांद्यातून, झाडू मारल्यासारखी काठी हलली. टक. पाती झुकली, चेंडू वर चढला, झेंड्यापाशी थांबला. सात चेंडू मारले, सातही तिथंच. शेवटी त्यांनी तान्ह्या मुलाच्या पायात घालावा तसा मोजा काठीला पुन्हा घातला.

तिला हायसं वाटायला हवं होतं. चोरी नाही, नियमात बसणारी काठी आहे, डॉक्टरीणबाई ती उघड मिरवतात. चिटणीसांना दाखवली की दोन मिनिटांत मिटेल. पण तिला बुधवारची ती 'कुबडी' आठवली. संध्याकाळी नळापाशी तिनं मास्तरांना गाठलं.

"उद्या चिटणीस खळगा बघणार आहेत. तुम्ही मारलात की लगेच."

"बघू देत."

"लोक म्हणतात, तुम्ही हातानं फेकता."

"माहीत आहे."

"काही सांगायचं असलं तर आजच सांगून टाका ना, मास्तर."

ते बराच वेळ हात धूत राहिले. माती कधीच निघून गेली होती.

"म्हणू देत. हातानं फेकतो म्हणणाऱ्यांना निदान माझा हात चालतो असं तरी वाटतंय." मग जास्त बोलून गेल्यासारखं त्यांनी नळ बंद केला आणि ते खोलीकडे वळले.

शनिवारी सकाळी चिटणीसांनी स्वतः येऊन खळगा तपासला. जुन्या सगळ्या खाचा तिनं वाळू आणि बी घालून भरल्या होत्या. "कोरी पाटी," असं म्हणून ते खेळायला गेले. मास्तरांची चौकडी पहिली निघायची. नवव्यापर्यंत पोचायला त्यांना दोन तास.

तिनं तासभर वाळूच्या खड्ड्याच्या कडा कापल्या. मग उठून विसरलेल्या सामानाच्या पिंपातून एक गंजकी वेज काढली आणि खळग्यात उतरली. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्यानं जमिनीला आपटून खांद्यापर्यंत झिणझिण्या आणल्या. तिसऱ्याला तिनं डोळे मिटून घेतले. ढलपी उडाली. एकोणीस वर्षं लेकरासारखं वाढवलेलं गवत मुळांसकट उलथं पडलं, आणि तिच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. ढलपी उचलून तिनं झेंड्याच्या दिशेनं हातभर पुढं ठेवली. उडाली असती तर तिथंच पडली असती.

ते आले तेव्हा ती कडेचं झुडूप छाटत होती. मास्तर एकटे खाली उतरले. खाचेपाशी थबकले. वर पाहिलं. ती कात्री चालवत राहिली, आणि त्यांचा हात बॅगेत गेला तशी चक्क पाठ करून उभी राहिली. टक असा आवाज तेवढा आला. हिरवळीवर कुणीतरी "वा" म्हणालं, पण ते कौतुक नव्हतं.

चिटणीस लगबगीनं खाली आले. हातरुमाल पसरून बसले, खाचेत बोट घातलं. माती ओली होती. ढलपीकडे पाहिलं, तिच्यापासून झेंड्यापर्यंत नजर नेली. दावा मंजूर करणं जिवावर आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"बाई, हीच का ती खूण?"

"हीच."

"हं. मास्तर, जरा जास्तच खोल मारता हो तुम्ही. शिकवता वेगळं." गुडघे झटकून ते वर गेले.

मास्तर खाली बसले. त्यांनी तिच्या बादलीतली वाळू ओंजळीनं घेतली, खाचेत घातली, ढलपी जागेवर बसवून तळव्यानं दाबली.

"फार खोल गेलंय," ते म्हणाले.

"हो."

"इतकं वाईट मी कधीच मारलं नव्हतं."

"मी पहिल्यांदाच मारत होते."

त्यांच्या खांद्यांना बारीक हिसका बसला. हसू होतं की काय, टोपीमुळे तिला दिसलं नाही. ते उठले, पटर घेतली, आणि क्षणभर बॅगेवर हात ठेवून थांबले. मग ती तळातली काठीही काढली आणि दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन उतार चढू लागले. वर तिघेही त्यांच्याकडेच बघत होते.

राखाडी मोजा गवतावर राहिला होता.

"मास्तर," तिनं हाक मारली. "मोजा विसरलात."

"असू दे," ते मागं न बघता म्हणाले.