घरटी एक लाकूड

नारायण सकाळी "पोसऱ्यावर जाऊन येतंय गो" म्हणून घरातून निघाला आणि दुपारी चार माणसांनी त्याला खाटेवर घालून परत आणला. पोसरा, म्हणजे वाड्यावरचं किराण्याचं दुकान, चढावर आहे. आणि नारायण पडला तो उतारावर, वाड्याच्या शेवटच्या घरातल्या ताराच्या दारापुढे, दगडी गडग्यापाशी. सासरा दुकानाला जातो म्हणून उलट्या दिशेला का गेला, हा प्रश्न अंकिताच्या मनात आला होता, पण विचारायचा कोणाला? ज्याला विचारायचा तो ओसरीवर चादर ओढून पडला होता.

अंकिता गोव्यातल्या चोपड्याची, नदीकाठची. लाटंबार्श्यात सासरी येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. सासू ती यायच्या आधीच गेलेली. त्यामुळे घरात ती, नवरा सागर आणि सासरा एवढीच माणसं, आणि दोन पुरुषांमधला एक मोपाच्या विमानतळावर टॅक्सी घेऊन गेला की दोन-दोन दिवस उगवायचा नाही. सासऱ्याचं आणि तिचं मात्र बरं जमायचं. दोघंही कमी बोलणारी.

सागर अंगणात येरझाऱ्या घालत फोन करत होता. म्हापशाचा एकजण अंत्यविधीचं सगळंच करून द्यायचा: गाडी, लाकूड, भट, मडकंसुद्धा. त्याने आकडा सांगितला तेव्हा सागर पायरीवर बसला.

"एवढ्यात माझां लगीन झालां होतां," तो म्हणाला.

दुसऱ्याला फोन केला. तो थोडा स्वस्त होता, पण लाकूड उद्या देणार होता, आणि मे महिन्याच्या उकाड्यात उद्यापर्यंत थांबायची सोय नव्हती. टॅक्सीला भाडी पुरत नव्हती म्हणून तर यंदा सागरने काजूची भट्टी लावली होती. गाठीला होतं ते तिच्यात गेलं होतं आणि हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, अजून विकायचाच होता.

वाड्यावर कोणाकडे जावं, असं अंकिताने सुचवलं असतं, पण ते बोलायची सोय नव्हती. या वाड्याची जुनी रीत आहे. कोणी गेलं की घरटी एक लाकूड यायचं, विकत घेतलेलं नव्हे, आपल्या परड्यातलं. नारायण दोडामार्गाहून खाणीवर ट्रक चालवायला आला, तेव्हापासून प्रत्येक मयताला लाकूड खांद्यावर घालून जायचा. आणि एकदा मसणवटीत शेजारचा कृष्णनाथ बोलून गेला, "भायल्याचां लाकूड बाजूक ठेवा." भायलो म्हणजे बाहेरून आलेला. बोलला असेल सहज, पण नारायण तो, गप्प माणसाचा राग. सगळ्यांदेखत त्याने सांगून टाकलं, "माझ्या सरणाक तुमची काडीसुद्धा माका नको." त्यानंतरही तो प्रत्येक मयताला लाकूड नेत राहिला. शब्द मात्र मागे घेतला नाही, आणि मेल्या माणसाचा शब्द मुलाने मोडावा तर कोणत्या तोंडाने?

फोनवर बोलता बोलता सागर एकदम थांबला. कपाळावर हात मारून उठला.

"माझां डोक्यां फिरलां. लाकूड आसा आपल्याकडे."

"खंय?"

"गोठ्यामागे. परसातलो आंबो पडलो तेव्हा बाबांनी फोडून रचून ठेवलेलो. स्वतःसाठी. माका सांगलेलां, ह्याका कोणाक हात लावूक देऊ नको. तुका अभद्र कशाक सांगू, म्हणान मी बोलूक नाय."

अंकिताच्या पायाखालची जमीन सरकली, हे वाक्य आपण उठसूट वापरतो. तिची खरोखरच सरकली. तिने ओसरीचा खांब धरला. सागर गोठ्यामागे निघाला होता, आणि तिथे लाकूड नाही हे तिला माहीत होतं.

कारण ती लाकडं तिनेच भट्टीत घातली होती. गेल्या आठवड्यात. लाकडाचा टेंपो आलाच नाही, सागर मोपाला, काजूचा रस आंबून वर आलेला, आणखी थांबला तर ओतून द्यावा लागणार. निळ्या ताडपत्रीखाली सुकं खणखणीत लाकूड पडलेलं. म्हाताऱ्याचा चिकटपणा, दुसरं काय, असं मनात म्हणत तिने पहिला भारा ओढला. दुसरा ओढत होती तेव्हा नारायण आला. तिला वाटलं, आता ओरडेल. तो नुसता बघत राहिला. मग भट्टीपुढच्या ओंडक्यावर, आपल्या नेहमीच्या जागेवर, बसला आणि स्वतःच्या हाताने एकेक लाकूड आत सारू लागला. संध्याकाळपर्यंत सारत होता. मधेच म्हणाला, "लाकडां बरी सुकली हत गो. धूर म्हणान नाय."

आणि ती हसली होती. हे तिला आता आठवलं. ती चांगली मोठ्याने हसली होती.

ती गोठ्यामागे पोचली तेव्हा सागर एका बाजूची दोरी सोडून ताडपत्रीची कड हातात धरून उभा होता. बाकी ताडपत्री होती तशीच होती, नीट ताणून दोरीने बांधलेली, वरून रास भरलेलीच दिसत होती. पण खाली लाकडं नव्हती. माडाची सुकी चुडतां, म्हणजे झावळ्या होत्या, एकावर एक हारीने रचलेल्या.

"ह्यां काय?" सागरने विचारलं.

ही चुडतां अंकिताने रचलेली नव्हती. तिने तर ताडपत्री तशीच टाकून दिली होती.

"लाकडां भट्टीत गेली," ती म्हणाली. "मी घातली. बाबांनी पण घातली."

सागरने तिच्याकडे पाहिलं, मग चुडतांकडे. हे कोणी रचलं आणि कोणापासून लपवायला, हे दोघांना एकाच वेळी कळलं. आपल्या बायकोवर आपण चिडू नये म्हणून बापाने केलेला उद्योग समोर पडलेला असताना चिडणार तरी कसा? त्याने ताडपत्री पुन्हा बांधायला घेतली, मग सोडून दिली, आणि म्हापशाच्या माणसाचा नंबर शोधू लागला.

"बांगड्यो मोडूया," अंकिता म्हणाली. तेवढंच तिच्या हातात होतं.

सागरने नंबर लावला नाही, कारण तेवढ्यात गडग्याकडे पावलं वाजली. कृष्णनाथ येत होता. उघड्या खांद्यावर फणसाचा भला मोठा ओंडका. मागे यशवंत, मागे शंभू, आणि त्यांच्यामागे वाड्यावरची आणखी माणसं, प्रत्येकाकडे एकेक. अंगणात लाकडं पडत गेली आणि सागर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"बाबांनी नको म्हटलेलां," तो शेवटी म्हणाला.

"सकाळी येऊन गेलो तुझो बापूस," कृष्णनाथ म्हणाला. त्याचा आवाज धड नव्हता. "पयलो माझ्याकडेच. म्हणालो, कृष्णनाथा, शब्द माघारी घेतंय, एक लाकूड दे. माका वाटलां म्हातारो मस्करी करता. मी हसलंय रे."

म्हणजे तोही हसला होता. अंकिताने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आमच्याकडे पण इलेलो," यशवंत म्हणाला. शंभूने नुसती मान हलवली.

जन्मात कोणापुढे हात न पसरलेला माणूस मेच्या उन्हात घरोघर फिरला होता, स्वतःच्या सरणासाठी. आठ दिवस तो छाती चोळत होता, आणि अंकिता ते भट्टीच्या धगीवर ढकलत होती. धूर म्हणान नाय.

सगळ्यांच्या मागून तारा आली. विधवा बाई, घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून लाकूड स्वतःच ओढत आणलेलं. तिने ते राशीवर टाकलं आणि सरळ अंकिताजवळ आली.

"माझां घर शेवटचां," ती हळू म्हणाली. "दारात उभो रवलो. घामान भिजलेलो. एक लाकूड होया म्हणालो, मगे पाणी मागल्यान. मी तांब्यो घेऊन भायर येयपर्यंत..." ती थांबली. "त्याच्या आदी एक बोललो. सुनेक सांगू नको म्हणालो. तिका ठावक नाय होतां, तिका कोणी सांगूकच नाय."

अंकिताला रडू येईल असं जमलेल्या बायकांना वाटलं. कोणी तिचा हात धरला. पण रडू येत नव्हतं. ताराच्या दारातला तो न प्यालेला तांब्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिरडी बांधून झाली. कृष्णनाथने लाकडं मोजल्यासारखी नजर फिरवली आणि सागरला विचारलं, "घरचां खंय? पयलां घरचां लागता."

घरचं लाकूड नव्हतं.

अंकिता उठली आणि भट्टीकडे गेली. भट्टीपुढे नारायणाचा बसायचा ओंडका होता, त्याच आंब्याच्या बुंध्याचा, एका बाजूने धगीने काळा पडलेला. तिने तो पोटाशी धरून उचलला आणि अंगणातून गडग्यापर्यंत आणला. कृष्णनाथ घ्यायला पुढे झाला. तिने दिला नाही.

"बायल माणसां मसणात येणत नाय गो," तो म्हणाला.

"ठावक आसा," अंकिता म्हणाली.

ती चालू लागली. कृष्णनाथ आपला फणसाचा ओंडका खांद्यावर घेऊन तिच्या मागून निघाला. व्हाळाकाठी, ओढ्यावरच्या मसणवटीत पोचल्यावर तिने आंब्याचा ओंडका सगळ्यात आधी जमिनीवर ठेवला, आणि तिथेच, त्याच्यावर हात ठेवून, बराच वेळ ओणवी राहिली. धूर येणार नव्हता, एवढं तिला माहीत होतं.